तळघर नसलेलं घर

गावाचं नाव मी लिहिणार नाही. नाशिकहून दिंडोरी, वणी करत सुरगाण्याच्या रस्त्याला लागलं, की एक घाट उतरल्यावर डाव्या हाताला ते येतं, एवढं पुरे. तिकडे हौसेने कोणी जात नाही. मीही गेले नसते. मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्टीत फार तर मुंबईला जाते. पण सत्तरचं दशक संपत आलं असताना हेलामामी आली, आणि मला ते गाव बघावं लागलं. एकदा तिच्याबरोबर, नंतर एकदा एकटीने.

देवळाली कॅम्प

हेलामामी माझ्या सख्ख्या मामाची बायको, पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिची पन्नाशी उलटल्यावर, देवळालीच्या फलाटावर. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. देश स्वतंत्र झाल्यावर आमच्यातले पुष्कळ जण इस्रायलला गेले, तसा मामाही गेला. तिथे त्याने पोलंडहून आलेल्या एका मुलीशी लग्न केलं, असं पत्र आलं. सोबत एक फोटो. त्यापलीकडे आम्हाला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. मामा वारल्यानंतर वर्षभराने तिने कळवलं, की तो जिथे जिथे राहिला ती ठिकाणं तिला बघायची आहेत.

गाडीतून उंच, हाडकुळी, करड्या फ्रॉकमधली बाई उतरली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "रूथ? मी आलो."

मला हसू आवरेना. तिचं सगळं मराठी मामाकडून शिकलेलं. तो "आलो, गेलो, जेवलो" म्हणायचा, तेच हिने उचललेलं. एक-दोनदा मी दुरुस्त केलं, तेव्हा म्हणाली, "राहू दे. तो असाच बोलायचा." मग मी तो नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि तोफखान्याच्या मैदानावर सराव सुरू झाला. आम्हा देवळालीकरांना ते आवाज ऐकूही येत नाहीत. मामीच्या हातातला कप पडून फुटला आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी समजावलं, तेव्हा कसंनुसं हसली. "तो बोलला होता मला. विसरलो."

ती आमच्या घरातलं सगळं कुतूहलाने बघायची. शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावला, तेव्हा तिच्या आणि माझ्या प्रार्थनेचे शब्द तेच निघाले, चाल मात्र वेगळी. मी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. हे तिला ठाऊकच नव्हतं. "हा ज्यू लोकांचा?" तिने तीनतीनदा विचारलं. मी सांगितलं, की कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. "आणि त्रास?" तिने विचारलं. मी बराच विचार केला. आमच्या धर्मावरून कोणी शिवी दिल्याचंही मला आठवेना. शेजारच्यांना तर आम्ही पारशी की ख्रिस्ती हेच नीट माहीत नव्हतं. "काही नाही," मी म्हटलं. मामीने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण नशीबवान पण जरा भाबड्या माणसाकडे बघतो.

तिला सगळ्यात जास्त बघायचं होतं ते सुरगाण्याकडचं गाव. तरुणपणी मामा बांधकाम खात्याच्या रोलरवर ड्रायव्हर होता. तिकडे रस्त्याचं काम चालू असताना त्याला हिवतापाने गाठलं. बरोबरचे लोक पुढच्या मुक्कामाला गेले आणि गावातल्या एका कोकणा आदिवासी कुटुंबाने त्याला घरात ठेवून घेतलं, नागलीची पेज पाजून जगवलं. "माझा दुसरा जन्म त्या गावात झाला," असं तो मामीला आयुष्यभर सांगत आला होता.

वणी

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटीत बसलो. दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवे द्राक्षमळे, त्यामागे डोंगरांच्या सरळ तुटलेल्या भिंती. मामीचा फ्रॉक सीटच्या खिळ्याला अडकून टरकन फाटला. कंडक्टरने कॉलरला लावलेली सेफ्टी पिन काढून दिली आणि वर "मॅडम, गाडी सरकारी हाय, काय करता," अशी माफीही मागितली. मामीला तो फार आवडला.

वणीला विश्रामगृहात उतरलो. सकाळी खानसाम्याने आमलेट करायला घेतलं, तर मामी उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. एकेक अंडं आधी पेल्यात फोडायला लावलं. तिसऱ्यात रक्ताचा बारीक ठिपका निघाला. तिने ते अंडं फेकायला सांगितलं. खानसामा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही." आमच्या आईचाही हाच नेम. मटण आणलं की आधी पाण्यात भिजवायचं, मग मीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं, रक्ताचा थेंब म्हणून आत राहू द्यायचा नाही. पोलंडचे ज्यू आणि कोकणचे ज्यू, पण एवढी एक गोष्ट अगदी सारखी. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

रोलरवाल्याची बायको

घाट उतरताना हवा बदलते. द्राक्षं, कांदे मागे राहतात. साग, बांबू, उतारावर नागली आणि वरईची कापलेली शेतं. एसटी नदीजवळ थांबली. पुलाचं काम चालू होतं. एक खांब अर्धवट उभा, बाकीच्यांसाठी खणलेले खोल खड्डे, त्यांत हिरवट पाणी. लोक बाजूच्या बुटक्या फरशी-पुलावरून नदी ओलांडत होते.

मामाला सांभाळणारी म्हातारा-म्हातारी केव्हाच गेली होती. पण त्यांचा मुलगा सोमा घरीच भेटला. तेव्हाचा पोरगेला सोमा आता आजोबा झालेला, काटक, केस पांढरे. मी ओळख सांगितली तरी त्याला आधी उलगडा होईना. मग एकदम ओरडला, "रोलरवाला दादा! त्याची बायको ही?" आणि वाकून मामीच्या पाया पडला.

"दादा हितं पडून असायचा, या ओट्यावर. हिव भरलं का दात वाजायचे. माझी आय पेज पाजायची. बरा झाला तवा मला रोलरवर बसवून घाटापर्यंत नेला होता त्यानं."

मामी ओट्यावर बसली. हाताने जमीन चाचपून बघितली. रडली नाही. म्हणाली, "तो बोलला तसाच आहे."

आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. सोमाची सून जनी चुलीपुढे बसली. नागलीची काळसर भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. मामी घाम पुसत, नाक ओढत सगळं जेवली आणि "लय जेवलो" म्हणाली. त्यावर जनीचा सहा वर्षांचा हिरामण खदखदून हसला. "बाई असून जेवलो म्हनं!" मग तो तिला मुद्दाम बोलतं करायचा, आणि ती "मी बसलो", "मी उठलो" करून दाखवायची. तो हसता हसता लोळायचा.

भाकऱ्या थापता थापता जनी त्याला दटावत होती, की उद्या बाजारात माझा हात सोडायचा नाही. मी विचारलं, का? ती आवाज खाली आणून म्हणाली, "पुलाचा खांब दोनदा खचला ना. आता मुंडकं मागतो म्हनत्यात. पोरं धरणारी मान्सं फिरत्यात."

"कोण मागतो?" मामीने विचारलं.

"नदी मागती. ठेकेदार देतो."

मामीने हिरामणला जवळ ओढून घेतलं. मी जनीला शिकवल्यासारखं सांगितलं, की खांब खचतो तो पाया नीट बसला नाही म्हणून, ही सगळी अफवा. ती मान डोलवत राहिली. मामी मात्र उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं, दमली असेल.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. आम्ही दुपारच्या गाडीने निघणार होतो. बाजार बघत फिरत होतो तेवढ्यात जनीची हाक ऐकू आली. "हिरामण! कठं गेला माझा पोऱ्या?" ती मिठाच्या दुकानापुढे होती, तेवढ्यात तो हातातून सुटला होता. आधी चार बायका शोधायला लागल्या, मग पंधरा माणसं. मग कोणीतरी म्हणालं, "वैदीण कुठाय?"

बाजाराच्या टोकाला एक वैदू बाई जडीबुटी विकायला बसली होती. पन्नाशीची असेल, गळ्यात मण्यांच्या माळा. पुढ्यात मुळ्या, बिया, पत्र्याचे डबे आणि एका बाटलीत रतनजोत घातलेलं लाल तेल, केसांना लावायचं. आम्ही पोचलो तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती आणि एक जण ती बाटली उंच धरून दाखवत होता. "बघा! रगात हाय!"

"ते तेल आहे," मी ओरडले. शाळेतला आवाज लावला. "वास घ्या. लावून बघा हाताला."

कोणी वास घेतला नाही. बाटली हातोहात पुढे गेली आणि गर्दीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ते रक्तच झालं होतं.

मामी माझ्या बाजूने पुढे सरकली आणि त्या बाईजवळ खाली मातीत बसली. तिचा हात हातात घेतला. मग वर बघून म्हणाली, "कोण बघितला? हिने पोरगा नेला, कोण बघितला?"

एक जण म्हणाला, मी. मी त्याला विचारलं, कुठे? तर त्याला दुसऱ्याने सांगितलं होतं. दुसऱ्याला विचारलं, तर त्याला बाजारात कोणीतरी. तेवढ्यात सोमा आला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. हातात काठी होती.

मला एक युक्ती सुचली असं वाटलं. "हिचं पाल बघू या," मी म्हटलं. "नदीच्या कडेलाच आहे. पोरगा तिथे नसला, तर हिला सोडा."

मामीने माझं मनगट आवळलं. "नको, रूथ. पाल बघायला नको नेऊ."

"का? काहीच सापडणार नाही तिथे."

"म्हणून नको."

मला ते कळलं नाही. लोक पालाकडे धावले, वैदिणीला ओढत. पालात एक हंडा होता, गोधडी, बांधलेलं कुत्रं. त्यांनी गोधडी झटकली. चूल उकरली. मग कोणी म्हणालं, पुरला असंल, म्हणून पालाखालची जमीन खणली. हातभर खणल्यावर दगड लागला. मी मनात म्हटलं, संपलं आता. तर एक बाई म्हणाली, "दिला असंल मग ठेकेदाराला." आणि सगळ्यांना ते पटलं. काही सापडलं नाही, हाच पुरावा झाला.

पहिली काठी सोमाने घातली. वैदिणीने हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बाकीचे. मामी मध्ये घुसली, तसं कोणी ओरडलं, "ही गोरी कोण? ही पण त्यातलीच!" सोमा गर्रकन वळला. "तिला हात लावायचा नाय! ती माझ्या घरची हाय." त्याने मामीला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी सांभाळून, जसं घरातल्या थोरल्या बाईला करतात. आणि पुन्हा काठी उचलली.

नदीकडून हाक आली. पुलाच्या खड्ड्याशी सदरा सापडला होता.

सगळे तिकडे पळाले. मीही गेले. काठावर लहान सदरा नीट घडी करून ठेवलेला, वर दगड. वाऱ्याने उडू नये म्हणून. पोरगा पोहायला किंवा मासे धरायला उतरला असावा. सोमाच पाण्यात शिरला आणि त्यानेच त्याला बाहेर आणलं. कपाळावर खोक होती, खड्ड्यातल्या दगडाची. जनी खाली बसली आणि तिने मांडी पुढे केली. मी उभी होते तिथे माझ्या मागे एक माणूस शेजारच्याला म्हणाला, "बघितलं? डोकं फोडून रगात काढलं, मग टाकलं पाण्यात." तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पालाकडे परत आले. मामीने आपल्या फाटक्या फ्रॉकची पट्टी काढून वैदिणीचा हात बांधला होता. आम्ही दोघींनी तिला उभं केलं आणि कसंबसं एसटीपर्यंत आणलं. तितक्यात पुलाच्या मुकादमाने बोलावलेला हवालदार सायकलवरून आला. खाकी वर्दी बघितल्याबरोबर मामी गाडीच्या दारात आडवी झाली. दोन्ही हातांनी दांडे धरून. "पोलीस नको. रूथ, पोलीस नको."

"आजी, बाजूला व्हा," हवालदार म्हणाला. "गाडी सुटली पाह्यजे, नाय तर लोक परत येतील."

ती हलेना. मी एकेक बोट सोडवून तिला आत घेतलं. गाडी सुटली. हवालदाराने वैदिणीला खिडकीपासून दूर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मामीने घाट चढेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.

बऱ्याच वेळाने वैदीण बोलली. तिचं नाव गंगू. "पोर सापडलं का?"

मामी म्हणाली, "सापडला."

"बरं झालं बाई," गंगू म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

परत वणी

गंगूला दवाखान्यात सोडून आम्ही विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलो. समोर सप्तशृंगीच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. मी म्हटलं, "मामी, पाल बघू नको का म्हणालीस?"

तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देते.

"लढाई संपून वर्ष झाला होता. मी आणि माझा धाकटा बहीण, ईडा. हिटलरच्या छावणीतून आम्ही दोघंच उरलो. पोलंडमध्ये एक गाव, तिथे आमच्या लोकांसाठी एक घर होता, ओढ्याच्या कडेला. कोण अनाथ, कोण म्हातारा, सगळे तिथे. गावातला एक पोरगा हरवला, ख्रिस्ती पोरगा. दोन दिवसांनी आपला आपण घरी आला. म्हणाला, ज्यूंनी मला त्या घराच्या तळघरात कोंडला होता. लोक म्हणाले, रक्तासाठी. त्या घराला तळघर नव्हता, रूथ. पोलीस आत आले. फिरले. त्यांनी बघितला, तळघर नव्हता. मला वाटला, आता संपला."

"मग?"

"बाहेर लोक जमले. तळघर नाही, म्हणजे पोरगा खोटा बोलला, असा कोण बोलला नाही. बोलले, ज्यूंनी लपवला. मग शिपाई पण आले. आम्हाला वाटला, वाचवायला आले. आमच्या माणसांकडे दोन-चार बंदुका होत्या, त्या घेतल्या. आणि पहिली गोळी त्यांनीच मारली. मग लोक वर आले. काठ्या, लोखंड, दगड. ईडाला जिन्यावरून ओढला. मी कपाटाच्या मागे होतो. चाळीसच्या वर माणसं मेली."

"आणि तो मुलगा? खरंच कुठे होता?"

"नातेवाइकांच्या गावी. चेरी खात होता."

मग ती म्हणाली, "छावणीत मारला, तेव्हा मला वाटला, हिटलर गेला की संपेल. पण ही गोष्ट हिटलरची नाही. फार जुनी."

पुढचे काही दिवस देवळालीला ती मला ते जुनं सांगत होती. मी इतिहासाची शिक्षिका. त्यातलं एक अक्षर मी कधी वाचलं नव्हतं. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका कातडी कमावणाऱ्याच्या हाताखालचा पोरगा रानात मेलेला सापडला. कोणी मारला ते कधीच कळलं नाही. काही वर्षांनी एका साधूने लिहून ठेवलं, की ज्यूंनी त्याचा छळ करून बळी दिला. तिथून ती गोष्ट निघाली आणि फ्रान्स, जर्मनी, इटली, पोलंड असं गाव घेत गेली. वाटेत तिला नवे पाय फुटले. सणाच्या बिनखमिराच्या भाकरीत ज्यू लोक ख्रिस्ती मुलाचं रक्त घालतात, ही भर नंतरची. पोर हरवलं, बुडालं, की गावातल्या ज्यूंना धरायचं, हालहाल करून कबुली घ्यायची आणि जाळायचं. राजांनी चौकशी केली, आळ खोटा ठरवला. पोपांनी पत्रकं काढली, की असं काही नसतं. काही उपयोग झाला नाही. मेलेली मुलं संत झाली, त्यांच्या नावाने यात्रा भरल्या, चर्चच्या भिंतींवर चित्रं निघाली. मामीने स्वतः लहानपणी असं चित्र बघितलेलं होतं. दाढीवाली माणसं आणि एक नागडं बाळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीव्हमध्ये विटांच्या कारखान्यातल्या एका ज्यू कारकुनाला असल्याच आळावरून दोन वर्षं तुरुंगात ठेवलं आणि मग कोर्टात तो निर्दोष सुटला.

"अंड्यातला एक थेंब आम्ही फेकून देतो," मामी म्हणाली. "आणि हे लोक काय बोलतात."

मला वणीचा खानसामा आठवला. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

मग मामी परत निघाली, मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलल्यावर खिडकीतून म्हणाली, "त्या बाईचा हात बघ बरा झाला का." ती त्यानंतर दोन वर्षं जगली. प्रत्येक पत्रात हाच प्रश्न असायचा. मी वणीला दोनदा जाऊन आले, पण गंगू दवाखान्यातून कधीच निघून गेली होती. त्या पट्ट्यात आता कोणी वैदूंना पाल टाकू देत नाही, एवढंच कळलं.

पुन्हा तेच गाव

मामी गेल्याची तार आली आणि मला वाटलं, सोमाला सांगायला हवं. त्याच्या घरची होती ना ती.

एसटीत शेजारी पलीकडच्या गावची एक बाई बसली होती, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. कुठे चाललात, कोणाकडे, झालं. गावाचं नाव घेतल्यावर ती म्हणाली, "पुलाचं गाव! तिथं आता पोराचं ठाणं झालंय, ठाऊक हाय ना?"

मी म्हटलं, कसलं ठाणं?

तिने मोठ्या मायेने, डोळ्यांना पदर लावत सगळी हकीकत सांगितली. पोरगा कसा देखणा होता. वैदिणीने त्याला कसा भुलवून नेला. "पन वैदीण नुसती दलाल. खरी ती गोरी बाई. लांबच्या देशातली. बाई असून बाप्यावानी बोलायची, आलो, गेलो. भूत शिरलेलं तिच्यात. आदल्या दिशी त्याच घरात जेवली, पोराला हसवलं, आन दुसऱ्या दिशी कपाळाला भोक पाडून बाटलीत रगात घेऊन गेली. तिच्या धर्मात लागतं म्हनं."

हे शेवटचं वाक्य तिला कोणी सांगितलं असेल, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिकडे ज्यू हा शब्दसुद्धा कोणी ऐकलेला नाही.

"ती माझी मामी होती," मी म्हटलं.

बाई आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिने मुलीला उचलून दुसऱ्या मांडीवर, खिडकीकडे घेतलं आणि पदर तिच्या डोक्यावरून ओढला. पुढच्या थांब्यावर ती उठून मागच्या सीटवर गेली.

पूल झाला होता. अलीकडच्या टोकाला एक उभा दगड, शेंदूर लावलेला, पुढे नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, एक लहान लाकडी बैलगाडी. सोमा तिथेच झाडत होता. मला बघून त्याने झाडू खाली ठेवला, हसला, पाण्याचा तांब्या पुढे केला. मामी गेल्याचं सांगितल्यावर त्याने खरोखर वाईट वाटून घेतलं. "दादाकडं गेली," म्हणाला.

मी विचारलं, "सोमादादा, लोक काय सांगतात ते ऐकलंत?"

"ऐकतो ना. रोज ऐकतो."

"पण तुम्ही स्वतः बाहेर काढलंत त्याला. सदरा घडी करून ठेवलेला बघितलात. तो बुडाला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं."

"मला ठाऊक हाय."

"मग सांगत का नाही?"

त्याने दगडापुढच्या करवंट्या उचलून एका बाजूला रचल्या. "बुडाला म्हनलं, तर सवाल येतो ना बाई. कोनाची नजर चुकली? जनी मीठ घेत होती. मी शेजारीच तमाखू मळत बसलो होतो. माझ्या पुढनं गेला असंल तो. जनीला आता झोप लागती. तिला मी काय सांगू, कोनीच नेला नाय म्हनून?"

परतीची गाडी वळून पुलाजवळ आली. सोमा मला पोचवायला दारापर्यंत आला, पिशवी वर दिली. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मामीचं नातं हितं कोनाला सांगू नका, बाई. आन परत येऊ नका. मागल्या टायमाला तिला वाचवली. आता माझं कोनी ऐकायचं नाय."